काळे की केल? इंग्रजी स्पेलिंगमधल्या स्वरांना नियम असतात का?

मेतकूट

आमची लेक सात वर्षांची. लीड्सला दुसरीत आहे. परवा शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली, "आई, आपण आपलं नाव चुकीचं लिहितो."

आमचं आडनाव काळे. इंग्रजीत के-ए-एल-ई. त्या दिवशी बदलीवर आलेल्या बाईंनी हजेरी घेताना ते 'केल' असं वाचलं. केल म्हणजे कोबीच्या जातीतली ती हिरवी पालेभाजी. लेकीला राग वगैरे आला नव्हता. तिचं म्हणणं इतकंच की बाईंनी बरोबरच वाचलं. शेवटी ई आला की तो स्वतः गप्प बसतो आणि मागच्या ए ला त्याचं नाव घ्यायला लावतो. मेक, लेक, टेल, सेल. मग के-ए-एल-ई हे 'काळे' कसं होईल?

मी सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकले. एबीसीडी पाचवीत. आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की इंग्रजीला नियम नसतात, स्पेलिंग पाठ करायचं. सी-यू-टी कट आणि पी-यू-टी पुट, का ते विचारायचं नाही. मी नाही विचारलं. प्रत्येक शब्द दहा वेळा लिहिला आणि निभावलं.

इथे मात्र मुलं आधी आवाज शिकतात, मग शब्द. पहिलीच्या वर्षाअखेरीला सगळ्या मुलांची एक तपासणी होते. ४० शब्द मोठ्याने वाचायचे, त्यांतले २० भाषेत नसलेले, मुद्दाम बनवलेले. पाठांतराचा तिथे काही उपयोगच नाही. माझ्या लेकीने ते धडाधड वाचले. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. नियमच नसतील, तर कधी न ऐकलेला शब्द सगळी मुलं एकसारखा कसा वाचतात? आणि असतील, तर आम्हाला ते कोणी का सांगितले नाहीत?

जाणकारांनी लिहा. लेकीला उत्तर द्यायचं आहे.

वेलदोडा

पाचवीपासून इंग्रजीवाले हजर आहेत!

मेतकूट, तुम्ही एकट्या नाही. मी न्यू जर्सीत आहे. इथे आमच्या मराठी मंडळात दाते 'डेट' होतात, मोरे 'मोर' होतात, माने 'मेन', साने 'सेन', काणे 'केन'. सगळ्यांत वाईट गोरे मंडळींचं, कारण इंग्रजीत 'गोर' म्हणजे सांडलेलं रक्त. ज्या आडनावाच्या शेवटी ए चा आवाज (इंग्रजीत ई अक्षर) आहे आणि त्याच्या आधी एकच व्यंजन आहे, ते हमखास सापडतं. आपटे, फडके सुटतात. तिथे दोन व्यंजनं आहेत म्हणून सुटत असावेत, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

सुपारी

आणि पुण्याचं 'प्यून' होतं ते राहिलंच की.

डोंगरवाट

मला हे पटत नाही. शेवटच्या ई चा नियम म्हणता, मग एच-ए-व्ही-ई 'हेव्ह' का नाही? गिव्ह 'गाइव्ह' का नाही? लव्ह, कम, डन, गॉन, सगळ्यांच्या शेवटी ई आहे आणि एकातही नियम चालत नाही. हे शब्द काही कोपऱ्यातले नाहीत, रोज लागतात. जो नियम रोजच्या शब्दांना लागू पडत नाही त्याला मी नियम म्हणणार नाही. आमच्या मास्तरांनी पाठ करा म्हणून सांगितलं ते प्रामाणिकपणे सांगितलं.

निवांत

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सन २००० पासून महाराष्ट्रात मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. तोवर आम्ही पाचवीच्या मुलांना शिकवत होतो, आणि आम्हाला स्वतःला जसं शिकवलं गेलं तसंच शिकवत होतो, म्हणजे स्पेलिंग आणि अर्थ, स्पेलिंग आणि अर्थ. आवाजाकडे लक्ष द्यायला आम्हालाच कोणी सांगितलेलं नव्हतं. डोंगरवाट म्हणतात तसे ते मास्तर प्रामाणिक होते, यात शंका नाही. पण पहिलीची मुलं समोर आली तेव्हा कळलं की सहा वर्षांच्या पोराकडून दहा-दहा वेळा लिहून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर सी-ए-पी. वाचा, कॅप. शेवटी ई ची लाल चिठ्ठी लावायची. वाचा, केप. पिनला लावली की पाइन, हॉपला लावली की होप, कटला लावली की क्यूट. मुलांना लाल चिठ्ठी हातात घ्यायची इतकी हौस, की वर्गात रांग लागायची. एका तासात वीस-पंचवीस शब्द व्हायचे आणि एकही पाठ करावा लागायचा नाही.

दुसरी पायरी याहून महत्त्वाची आणि ती बहुतेक पुस्तकांत नीट येत नाही. 'होपिंग' आणि 'हॉपिंग' यांत फरक काय? पहिल्यात एक पी, दुसऱ्यात दोन. 'डायनर' आणि 'डिनर' मध्येही तेच, एक एन आणि दोन एन. मागचा स्वर आखूड ठेवायचा असेल तर व्यंजन दुप्पट करून मध्ये बांध घालायचा. बांध नसेल तर पुढचा स्वर मागच्या स्वरापर्यंत पोचतो आणि त्याला लांब करतो. मुलांना मी पाटाचं पाणी आणि बांध असंच सांगायचो. शेतकऱ्यांची पोरं, लगेच कळायचं. वेलदोडा, तुमचे आपटे आणि फडके याच बांधामुळे सुटले.

रानजाई

निवांत, तुमचा बांध फार आवडला. मी भाषाविज्ञान शिकवते, आणि हाच नियम वर्गात बरेच अवघड शब्द वापरून सांगते. आता बांधच सांगेन.

डोंगरवाट यांच्या हॅव्ह-गिव्ह-लव्हचं उत्तर आहे. त्या ई चं काम वेगळं आहे. इंग्रजीत शब्द व्ही वर संपवायचा नाही असा संकेत आहे. पूर्वी यू आणि व्ही ही वेगळी अक्षरं नव्हती, एकाच अक्षराची दोन रूपं होती. शेवटी नुसतं ते अक्षर आलं तर वाचणारा उ वाचेल की व्ह, कळणार नाही. ई जोडला की व्ह पक्का होतो. तेव्हा हॅव्हमधला ई स्वराला हात लावायला आलेलाच नाही, तो व्ही ला टेकू द्यायला आला आहे.

लव्ह, कम, सन (मुलगा), मंक यांत 'अ' ऐकू येतो आणि लिहितात ओ, हे आणखी वेगळं. मध्ययुगीन हस्तलिखितांत एम, एन, यू, व्ही ही अक्षरं सारख्याच उभ्या काड्यांची असत. यू शेजारी एम किंवा एन आला की नुसत्या काड्याच काड्या दिसत. म्हणून लेखनिकांनी तिथे यू ऐवजी गोल ओ लिहायला सुरुवात केली. डोळ्यांची सोय झाली आणि कानाची गैरसोय आपल्या वाट्याला आली.

आता मेतकूट यांच्या लेकीसाठी. एन-ए-एम-ई, नेम, हा शब्द घ्या. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात तो जवळपास 'नाम' असा म्हणत, 'ना' लांब आणि शेवटी एक ओझरता 'अ'. आपल्या 'नाम' चा आणि त्याचा उगम एकच आहे, तेव्हा हे साम्य वरवरचं नाही. शेवटचा ई तेव्हा गप्प नव्हता. शब्दाचे दोन तुकडे होते, ना-म, आणि पहिला तुकडा स्वरावर संपत असल्यामुळे तो स्वर लांब झाला होता. पुढे शेवटचा आवाज गळला, अक्षर मात्र राहिलं. लोकांनी त्यातून बोध घेतला की शेवटी ई दिसला तर मागचा स्वर लांब म्हणायचा. मग जिथे मुळात ई नव्हता तिथेही तो मुद्दाम लावायला लागले. स्टोनचा मूळ शब्द 'स्तान' होता, त्याला शेवटी काही नव्हतं. १५८२ मध्ये रिचर्ड मुल्कास्टर नावाच्या लंडनमधल्या शाळेच्या मुख्याध्यापकाने या ई चा वापर नियम म्हणून मांडला. निवांत, तुमची लाल चिठ्ठी तिथवर जाते.

दुसरा बदल याहून मोठा. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे लांब स्वर तोंडात एकेक पायरी वर सरकले. 'आ' चा 'ए' झाला, 'ए' चा 'ई', 'ओ' चा 'ऊ'. जे आधीच सगळ्यांत वर होते ते फुटले, 'ई' चा 'आइ' आणि 'ऊ' चा 'आउ' झाला. ऑटो येस्पर्सन या डॅनिश अभ्यासकाने १९०९ मध्ये याला महास्वरांतर अशा अर्थाचं नाव दिलं. आणि मधेच, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. स्पेलिंग हळूहळू शिशाच्या खिळ्यांत गोठत गेलं आणि उच्चार पुढे चालत राहिले. 'नाम' चा 'नेम' झाला, लिहिणं तेच राहिलं.

म्हणजे बघा, के-ए-एल-ई हे आपण लॅटिन वळणाने लिहितो, ए म्हणजे आ, ई म्हणजे ए. इंग्रजीही कधीकाळी याच वळणाने लिहिली जात होती. सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज बाईंनी लेकीचं नाव 'का' नेच सुरू केलं असतं आणि दोन तुकड्यांतच म्हटलं असतं.

मेतकूट

रानजाई, हे वाचून अंगावर काटा आला. नाम आणि नेम! मी आत्ता स्वयंपाकघरातूनच लेकीला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मग ते बदलले, आपण नाही."

सुपारी

लेकीला माझ्याकडून एक चॉकलेट.

डोंगरवाट

ठीक आहे, व्ही चं उत्तर पटलं. काड्यांचंही पटलं. आता मूळ दुखण्यावर या. कट आणि पुट. आणि त्याच्या जोडीला डबल ओ: फूड, गुड, ब्लड. तीच दोन अक्षरं, तीन स्वर. याला कुठला बांध घालता?

रानजाई

घालते. कट आणि पुट दोन्हींत आधी 'उ' च होता. 'कुट', 'पुट'. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडात हा आखूड उ घसरून 'अ' झाला. पण प, ब, फ या ओठांच्या व्यंजनांनंतर बऱ्याच ठिकाणी तो टिकला, कारण ओठ आधीच गोल व्हायला निघालेले असतात. म्हणून पुट, पुश, पुल, बुल, बुश, फुल. सरसकट नाही टिकला. बट, फन घसरलेच. तेव्हा हा कल आहे, कायदा नाही, एवढं मान्य.

फूड, गुड, ब्लड तिन्हींत मुळात लांब 'ओ' होता, म्हणून तर दोन ओ लिहिले. मघाच्या बदलात तो 'ऊ' झाला. फूड तिथेच थांबला. ब्लडचा ऊ लवकर आखूड झाला, त्यामुळे कटबरोबर घसरून 'अ' झाला. गुड आणि फुटचा ऊ उशिरा आखूड झाला, तोवर घसरण उरकली होती, म्हणून ते 'उ' वर राहिले. तीन भाऊ एकाच घरातून निघाले, गाडी गाठण्याची वेळ तेवढी वेगळी.

मेतकूट, तुम्ही लीड्सला आहात ना? तिथे नीट कान द्या. उत्तर इंग्लंडात ती घसरण झालीच नाही.

मेतकूट

अगं हो!! लेक 'बुस' म्हणते. 'कुम ऑन' म्हणते. मी दोन वर्षं तिला सुधारत होते की बस म्हण, बस म्हण. तिच्या वर्गात सगळेच तसं म्हणतात, बाईसुद्धा. म्हणजे तिच्यासाठी कट आणि पुट यांत फरकच नाही? माझ्या शाळेतला तो प्रश्न तिला पडणारच नाही?

रानजाई

नाही पडणार. आणि तिला सुधारू नका, ती जुना स्वर सांभाळते आहे.

सुपारी

तुम्ही काहीही म्हणा, जी-एच-ओ-टी-आय हे 'फिश' असं वाचता येतं हे विसरू नका. टफमधला जी-एच, विमेनमधला ओ, नेशनमधला टी-आय. नाटककार बर्नार्ड शॉने दाखवून दिलंय.

आणि इगतपुरीच्या पुढे आमचं घोटी आहे, त्याचं स्पेलिंगही हेच. मासळीबाजारही भरतो म्हणे. :)

निवांत

घोटीचं मस्त! पण हे कोडं शॉचं नाही. शॉ जन्मला १८५६ मध्ये, आणि हे कोडं १८५५ च्या एका पत्रात सापडतं. शिवाय कोडंच नियमांच्या बाजूने साक्ष देतं. जी-एच चा 'फ' शब्दाच्या शेवटी होतो, सुरुवातीला कधीच नाही. सुरुवातीला तो 'ग', घोस्टमध्ये. टी-आय चा 'श' होतो तो पुढे स्वर असेल तर, शेवटी कधीच नाही. इंग्रजी येणाऱ्या कुठल्याही मुलासमोर ते ठेवा, 'गोटी' वाचेल. अक्षर कुठे बसलंय यावर त्याचा आवाज ठरतो, हेच तर आम्ही सांगतो आहोत.

पाणकणीस

एवढा सगळा खटाटोप बघून आपल्या मराठीबद्दल अभिमानच वाटतो. आपण जसं बोलतो तसं लिहितो. एक अक्षर, एक आवाज. विषय संपला.

कवडसा

अभिमान मलाही आहे, पाणकणीस, पण "या जगात जगायचं" हे मोठ्याने म्हणून बघा. दोन्ही ज वेगळे आहेत आणि लिहिताना एकच. चार रुपये आणि गुरांचा चारा, तिथेही तेच. 'करतो' लिहितो, 'कर्तो' म्हणतो. 'घर' मधल्या र चा अ आपण म्हणतच नाही. म्हणजे न म्हटला जाणारा स्वर आपल्याकडेही आहे, फक्त तो कुठे गळतो हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं. इंग्रज मुलाला त्याच्या गप्प ई चं तसंच वाटत असणार.

मी पुण्यात फोनवर इंग्रजी बोलणाऱ्या मुलामुलींना उच्चार शिकवते. माझा अनुभव असा की आपली खरी अडचण स्पेलिंगच्या पुढे आहे. इंग्रजीत स्वराची अक्षरं पाच, फार तर वाय धरून सहा, आणि दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात स्वर वीसच्या आसपास. पाच-सहा भांड्यांत वीस पदार्थ ठेवायचे तर भांडी एकमेकांत घालावीच लागणार. मराठी बोलण्यात इ आणि ई यांत आपण आता फारसा फरक करत नाही, म्हणून जहाजाचं 'शिप' आणि मेंढीचं 'शीप' एक होऊन बसतं. मुलं वर्षभर धडपडतात. नुसतं लांब-आखूड करून भागत नाही, जिभेची जागाही वेगळी आहे.

आणि सगळ्यांत जास्त येणारा स्वर तर मुलांना ऐकूच येत नाही. बनानामध्ये तीन ए आहेत. जोर फक्त मधल्यावर. पहिला आणि तिसरा दबलेला 'अ'. हा दबलेला अ कुठलंही अक्षर घालून लिहिला जातो, अबाउटमध्ये ए, टीचरमध्ये ई-आर, लेमनमध्ये ओ. जोर हलला की स्वर हलतात: 'फोटोग्राफ' म्हणताना पहिल्या तुकड्यावर, 'फटॉग्रफी' म्हणताना दुसऱ्यावर. आपली मुलं प्रत्येक स्वराला समान मान देतात. ते ऐकायला गोड आहे, पण समोरच्याला शब्द ओळखू येत नाही. स्पेलिंगच्या नियमांत हा जोर कोणी धरत नाही, म्हणून अर्धे शब्द नियमाबाहेर गेल्यासारखे वाटतात.

पाणकणीस

जगात जगायचं... खरंच की. सकाळपासून म्हणतोय आणि बायको विचारतेय काय झालं. माघार घेतो, पण ॲ आणि ऑ आपण नवीन घडवले त्याचं श्रेय तर द्याल?

कवडसा

शंभर टक्के! हिंदीत 'बैंक' आणि 'बैट' लिहितात, आपण बँक आणि बॅट. त्या अर्धचंद्राने फार मोठं काम केलंय. जुन्या मराठी छापील मजकुरात कालेज, आफिस असंच असायचं. इंग्रजीने परके स्वर जुन्याच अक्षरांत कोंबले, आपण नवी खूण केली.

डोंगरवाट

इथे मी भर घालू शकतो, कारण पोटापाण्याचं काम हेच आहे. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं. त्याआधी अ वर अर्धचंद्र चढवून काम भागवत होतो, आणि शोधताना दोन वेगळे शब्द निघायचे. २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ हे दोन्ही स्वर अधिकृतपणे धरले गेले. अजूनही जुन्या मजकुरात दोन्ही तऱ्हा सापडतात आणि डोकं उठतं.

तिरफळ

गोंयकारांचंही ऐका. आमच्याकडे डिचोलीचं स्पेलिंग शेवटी एम लावून 'बिचोलिम' असं वाचलं जातं. तो एम म्हणायचाच नसतो. पोर्तुगीज लेखनात शेवटचा एम म्हणजे स्वर नाकात म्हणायची खूण, आपला अनुस्वारच म्हणा ना. इंग्रजी वाचणाऱ्यांनी तो ओठ मिटून म्हणायला सुरुवात केली. पणजीचं पंजिम असंच झालं. तेव्हा भाषा कुठलीही असो, खुणेचा अर्थ माहीत नसला की नाव बिघडतं.

वेलदोडा

तिरफळ, अगदी! यावरून आठवलं. मला जुने नकाशे जमवायचा नाद आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नकाशांवर पुणे कसं लिहिलंय? पी-डबल-ओ-एन-ए. जबलपूर? जे-यू, डबल बी, यू-एल. अहमदनगरच्या नगरमध्ये एन-यू, डबल जी, यू-आर. लहानपणी वाटायचं, इंग्रजांनी आपल्या नावांची वाट लावली. निवांत यांचा बांध वाचल्यावर कपाटातून नकाशा काढून परत बघितला. डबल बी, डबल जी, हा बांधच आहे! मागचा यू आखूड 'अ' म्हणा असं ते आपल्या माणसांना सांगत होते, कट-बट सारखं. पुण्याचा उ 'उ'च म्हणा म्हणून डबल ओ. पंजाबचा आणि पंडितचा यू अजून त्याच काळातला आहे. म्हणजे त्यांनी कानाला ऐकू आलेलं त्यांच्या नियमाने इमानदारीत लिहिलं होतं.

पुढे विल्यम हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत सरकारने घेतली, ए म्हणजे अ किंवा आ, यू म्हणजे उ, ई म्हणजे ए. पी-यू-एन-ई त्या वळणाचं. आपल्यासाठी नीटनेटकं, पण इंग्रजाच्या डोळ्याला शेवटचा गप्प ई दिसतो, म्हणून सुपारीचं 'प्यून'. मेतकूट, तुमचं काळे नेमकं याच सांध्यात अडकलंय.

डोंगरवाट

मी गेले दोन दिवस हा धागा वाचतोय आणि माझं मत निम्मं बदललंय. निम्मं म्हणण्याला आधार आहे. १९६६ मध्ये स्टॅनफर्डला पॉल हॅना यांच्या गटाने १७ हजारांहून जास्त शब्द घेऊन संगणकाला फक्त आवाज-अक्षरांचे नियम दिले आणि स्पेलिंग करायला लावलं. जवळपास निम्मे शब्द अचूक आले. म्हणजे निम्मे चुकले. मी अजून पाठांतराच्या बाजूला एक पाय ठेवून आहे.

रानजाई

चांगला दाखला दिलात. पण चुकलेल्यांतल्या बऱ्याच शब्दांत चूक एकाच ठिकाणी होती, हेही त्याच अभ्यासात आहे. दुसरं, ते आवाजावरून अक्षर काढत होते. ती अवघड दिशा आहे. 'ई' ऐकू आला तर डबल ई लिहू की ई-ए? मीट भेटण्याचं आणि मीट मटणाचं, पूर्वी दोन्हींचे स्वर वेगळे होते, म्हणून स्पेलिंग वेगळं. आवाज पुढे एक झाले. चहाला 'टी' म्हणतात ना, अठराव्या शतकात तो 'टे' होता. ग्रेट, ब्रेक, स्टेक हे ई-ए वाले शब्द अजून त्याच पायरीवर बसून आहेत. वाचायच्या दिशेने हे ओझं बरंच हलकं होतं.

तिसरं, तुमच्या पहिल्या आक्षेपाबद्दल. रोजचेच शब्द नियम का मोडतात? कारण ते रोजचे असतात. वन, सेड, वॉज, हे इतक्या वेळा तोंडातून जातात की झिजतात, आणि इतके पाठ असतात की त्यांना नियमात परत आणायची कोणाला गरज पडत नाही. ओ-एन-ई हा शब्द नियमाने 'ओन' व्हायला हवा. अलोन आणि ओन्ली यांत तो खरोखर तसाच आहे, तिथे तो त्याच शब्दाचा तुकडा आहे. एकटा असताना त्याने एका बोलीतला 'वन' उच्चार उचलला. आणि मुलाला पहिल्या दिवशी नेमके हेच शब्द भेटतात, म्हणून वाटतं सगळी भाषा अशीच.

निवांत

हे मी पंचवीस वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं. आम्ही असे तीस-चाळीस शब्द वेगळ्या तक्त्यावर लावायचो, 'हट्टी शब्द' म्हणून. ते पाठच करायचे. बाकीचे चिठ्ठ्यांनी. डोंगरवाट, तुमच्या त्या एका पायाला तेवढी जागा वर्गात होती बरं का.

डोंगरवाट

हट्टी शब्द! मान्य. तक्त्यापुरता मीही हट्ट ठेवतो.

वेलदोडा

मेतकूट, एक व्यवहारी उपाय. इथे आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दारावरच्या पाटीवर शेवटच्या ई वर कॅफेच्या ई सारखी तिरकी रेघ दिली. तेव्हापासून पार्सलवाला बरोबर नाव घेतो. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळींत ती चालत नाही, तिथे फक्त ए ते झेड. पण वहीवर कोण अडवतंय?

मेतकूट

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी लेकीला घेऊन बसले. निवांतकाकांच्या चिठ्ठ्या केल्या, लाल कागद नव्हता म्हणून गुलाबी. के-ए-एल आधी 'कॅल' वाचलं, ई लावल्यावर 'केल'. मग रानजाईंची सहाशे वर्षांची गोष्ट सांगितली. तिला महास्वरांतरापेक्षा काड्यांची गोष्ट जास्त आवडली. ती एम-आय-एन-आय-एम-यू-एम असा शब्द नुसत्या उभ्या काड्यांत लिहून बाबाला वाचायला देते आहे.

वेलदोडा यांची रेघही तिला दाखवली. तिने सगळ्या वह्यांवर के-ए-एल-ई लिहून ई वर जाड तिरकी रेघ ओढली. रात्री साताऱ्याला आजीशी व्हिडिओवर बोलताना वही कॅमेऱ्यासमोर धरली. आजी चष्मा लावून म्हणाली, "छान लिहिलंस गं, पण वर हे काय सांडलंय?"

लेक म्हणाली, "आजी, ती मात्रा आहे."